आजोबांच्या काडेपेट्यांतली नाणी : ठेवावीत, विकावीत की संग्रहालयाला द्यावीत?

दारणाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच घेऊन आले आहे.

माझे आजोबा दारणेच्या काठच्या एका गावात शाळामास्तर होते. १९७१ साली निवृत्त झाले. जुन्या नाण्यांचा त्यांना भारी नाद. पूर ओसरला की पोरं वाळूत काही सापडलं म्हणून घेऊन यायची, बाजारातून ते स्वतःही काहीबाही आणायचे. प्रत्येक नाणं वेगळ्या काडेपेटीत आणि पेटीच्या पाठीला खळीने चिकटवलेली मोडीतली चिठ्ठी. लहानपणी आम्हाला त्या पेट्यांना हात लावायची बंदी होती.

आता वाडा उतरवायचा आहे, म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली काढली. मी पोचायच्या आधी काकूने चांगल्या मनाने पेट्या रिकाम्या केल्या (कसर लागली होती म्हणे), सगळी नाणी एका स्टीलच्या डब्यात ओतली आणि चिंचेच्या कोळात घासून लख्ख करून ठेवली. नाणी एकूण ४१. पेट्या बंबात गेल्या. बंबाजवळच्या राखेत अर्धवट जळालेल्या सहा चिठ्ठ्या मला मिळाल्या. ती राख उपसताना मला रडू आलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

आता प्रश्न. एक चुलतभाऊ म्हणतो विकून पैसे वाटून घेऊ. अमेरिकेतला दुसरा म्हणतो, आठवण म्हणून दहाएक नाणी मला पाठव. वडिलांना वाटतं संग्रहालयाला द्यावीत. तुम्ही काय कराल?

---

शिवराई_वेडा

ताई, पहिलं काम म्हणजे काकूंच्या हातातून चिंच काढून घ्या! आणि आता त्यावर तेल, व्हॅसलीन, काहीही लावू नका. तांब्याच्या नाण्यावरचा हिरवा-काळसर थर म्हणजे मळ नव्हे. शेकडो वर्षांत धातू आणि माती मिळून तो तयार होतो आणि अक्षरं त्याच्याच आधाराने टिकतात. चिंचेतलं आम्ल थर खातं, मग अक्षरांच्या कडा खातं. वीस वर्षांपूर्वी मी स्वतः एक शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) लिंबाने घासली होती. 'श्री राजा शिव'मधलं 'शिव' त्यात गेलं. ते नाणं अजून माझ्या टेबलावर असतं.

चांदीच्या नाण्यांना तेवढी इजा झाली नसेल. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो टाका, शेजारी फूटपट्टी ठेवून.

---

एडिसनकर

आठवण म्हणून दोनचार नाणी खिशात घालून आणली तर कुणाचं काय बिघडतं? आमच्याकडे पणजीची पुतळ्यांची माळ अशीच आली.

---

वकीलीणबाई

@एडिसनकर, पणजीची माळ बाजूला ठेवा, इथे मुद्दा वेगळा आहे. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२ चा, लागू झाला ५ एप्रिल १९७६ ला. शंभर वर्षांहून जुनं नाणं ही त्या कायद्याने पुरावस्तू. ती देशाबाहेर फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्थाच नेऊ शकते. खिशातून नेलं, पोस्टाने पाठवलं, भावाला भेट म्हणून दिलं, सगळं सारखंच. हौसेने देशात बाळगायला बंदी नाही. धंदा करायचा तर परवाना लागतो.

दुसरा कायदा निखात निधीचा, १८७८ चा. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लोकांना वाटतं, कळवलं की सरकार फुकट घेऊन जातं, म्हणून रात्रीतून सोनाराकडे जाऊन वितळवून मोकळे होतात. प्रत्यक्षात मालक नसलेल्या निधीत शोधणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाचा एक चतुर्थांश वाटा कायद्यातच लिहिलेला आहे. सरकारने निधी ठेवून घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देण्याची तरतूद आहे.

दारणाकाठताई, तुमच्या नाण्यांत शेतात सापडलेली असतील तर विकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. नाशिकच्या सरकारवाड्यात राज्य पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे, तिथे जाऊन सरळ सांगा. लपवण्यासारखं काही नाही तुमच्याकडे.

---

पैठणची_सून

वाचतेय. आमच्याकडे सासरी मोडी कागदांची तीन पोती नदीत सोडली होती, 'देवाधर्माचं काहीतरी असेल' म्हणून.

---

खापरवेडी

मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी. ४१ नाण्यांपेक्षा मला त्या सहा चिठ्ठ्यांबद्दल जास्त वाटतंय. का ते सांगते.

१९७४ साली प्रवरेकाठी दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार वस्तू मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. सगळ्या धातूच्या, भरीव, मिळून साठ किलोंच्या वर. रथात उभा असलेला तो माणूस एकदा पाहिला की विसरता येत नाही. वस्तू भंगारात न जाता वाचल्या आणि पुढची पाच वर्षं तिथे मोठं उत्खनन झालं. पण त्या निघाल्या त्या क्षणी तिथे अभ्यासक नव्हता. नक्की कुठल्या थरात होत्या, शेजारी कुठली खापरं होती, हे कुणी टिपलेलं नाही. म्हणून पन्नास वर्षं वाद चालू आहे. एक बाजू म्हणते उत्तर हडप्पाकालीन, इसवीसनापूर्वी २००० च्या आसपासच्या. दुसरी बाजू म्हणते धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे, त्या काळच्या इतर तांब्याच्या वस्तूंत ते तसं आढळत नाही, म्हणजे या बऱ्याच नंतरच्या. जगातल्या कुठल्याही संग्रहालयाला हेवा वाटावा अशा वस्तू, आणि आम्हाला त्यांचं वय छातीठोकपणे सांगता येत नाही.

तुमच्या आजोबांना हे कळलं होतं. नाणं मिळालं की जागा लिहायची, हे १९५०-६० च्या सुमारास खेड्यातल्या एका मास्तरांनी आपल्या आपण करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

---

शिवराई_वेडा

+१. बाजारात नाणी विकायला येतात तेव्हा 'कुठे मिळालं?' याला एकच उत्तर असतं, 'घरचंच आहे, आजीचं.'

---

तेरचा_मास्तर

खापरवेडीशी शंभर टक्के सहमत, पण संग्राहकांना सरसकट दोष देऊ नका बरं का. आमच्या तेरमध्ये (हेच जुनं तगर, पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात उल्लेख असलेलं) पावसाळ्यानंतर पांढरीच्या मातीतून मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या आपोआप वर यायच्या. पोरं खेळायला न्यायची. गावातल्या लामतुरे कुटुंबाने ते एकेक करून गोळा केलं, सांभाळलं आणि पुढे राज्य शासनाच्या हवाली केलं. आज रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे ते त्यातूनच. तिथली वीतभरही नसलेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा बघायला लोक लांबून येतात, कारण तशाच घडणीची बाहुली १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. व्यापार तगराहून कुठवर पोचला होता, ते या दोन बाहुल्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

हे सगळं लामतुऱ्यांनी उचललं नसतं तर आज कुठे असतं? नांगराखाली. खात्याचा माणूस प्रत्येक शेतात उभा राहू शकत नाही.

---

खापरवेडी

मास्तर, मान्य. माझं भांडण उचलण्याशी नाही, न लिहिता उचलण्याशी आहे.

---

जुनं_नवं

अवांतर : जुन्या वस्तू जमवणं साहेबाने शिकवलं, असं सारखं वाचायला मिळतं. ते खरं नाही. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात टोपऱ्याचा अशोकस्तंभ दिल्लीला आणला. सावरीच्या कापसाच्या गाद्यांवर अलगद आडवा केला, बोरूत आणि कातड्यात गुंडाळला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर घातला आणि यमुनेतून नावांवर चढवून नेला. पंडित बोलावले, पण एकालाही अक्षर लागेना. ते लागलं १८३७ साली, जेम्स प्रिन्सेपला. त्याहून मागे जायचं तर इराकमध्ये उर इथे बाबिलोनच्या राजकन्येच्या वाड्यात तिच्या काळाच्याही शेकडो वर्षं आधीच्या वस्तू एकत्र मांडलेल्या मिळाल्या, आणि सोबत माहिती कोरलेली मातीची नळकांडी. म्हणजे मास्तरांची काडेपेटीवरची चिठ्ठीच, अडीच हजार वर्षांपूर्वीची!

---

पैठणची_सून

नळकांड्याचं वाचून अंगावर काटा आला.

---

ब्राह्मीप्रेमी

ताईंनी 'दारणेच्या काठी' म्हटलं तेव्हापासून मी फोटोंची वाट बघतोय. दारणा-गोदावरीच्या संगमावर जोगळटेंभी आहे. १९०६ साली तिथे नहपान या क्षहरात वंशातल्या क्षत्रपाची (शक राजाची) तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकाच ठेव्यात मिळाली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. नाणं वितळवलं नाही, त्याच नाण्यावर आपला शिक्का ठोकला.

याचं मोल कळायला नाशिकच्या पांडवलेण्यांत जावं लागतं. तिथल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात मुलाला 'खखरातवसनिरवसेसकरस' म्हटलंय, क्षहरातांच्या वंशाचं नामोनिशाण पुसणारा. लेख आईने, मुलगा गेल्यावर, नातवाच्या कारकिर्दीत कोरवलेला. आईने केलेली स्तुती म्हणून कुणी सोडूनही दिली असती. पण जोगळटेंभीच्या ठेव्यातून नऊ हजार साक्षीदार बाहेर आले. हरलेल्या राजाचा चेहरा आणि त्याच्या गालावर जिंकणाऱ्याचा डोंगर, म्हणजे गौतमीपुत्राच्या ठशातलं चिन्ह.

आता विचार करा, हीच नाणी सुटी सुटी चाळीस बाजारांत विकली गेली असती तर? एका ठेव्यात किती, त्यातली किती पुन्हा ठोकलेली, हे प्रमाणच कळलं नसतं. रेव्हरंड स्कॉट यांनी ती एकत्र अभ्यासली म्हणून कळलं. नहपानाचे चेहरे नाण्यानाण्यांत केवढे वेगळे आहेत, तरुण, म्हातारा, बसक्या नाकाचा, हेही त्यांच्या लक्षात आलं ते हजारो नाणी समोर पसरलेली होती म्हणून.

---

दारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो टाकलेत. चांदीची सात आहेत, बाकी तांबं, शिसं आणि कसलीशी मिश्र धातू. काही दुदांडी (अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या) शिवराया आहेत म्हणे, वडिलांनी ओळखल्या. तिसऱ्या फोटोतलं नाणं बघा, मला त्यावर माणसाचं नाक दिसतंय आणि कानाजवळ तीन कमानी. की मला उगाच भास होतोय?

---

ब्राह्मीप्रेमी

भास नाही हो! दोन कमानींवर एक म्हणजे त्रिशिखर पर्वत, खाली नागमोडी रेघ. नाक नहपानाचं, डोंगर गौतमीपुत्राचा. उलट बाजूला बाण आणि वज्राच्या पुसट रेघा राहिल्या आहेत, त्यांवर उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकचं (+) चिन्ह आणि त्याच्या चार टोकांना चार गोल. कडेचं '…तमिपुतस' मला स्वच्छ वाचता येतंय.

मी आज कचेरीत कुणाशी धड बोललेलो नाही. हाच फोटो उघडून बसलोय.

---

राजगड_९०

विकण्याचं नाव निघालंच आहे तर एक धोक्याची सूचना. समाजमाध्यमांवर रामपंचायतनाचा शिक्का आणि 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असलेलं नाणं लाखाला विकतात, ते बनावट. 'राईस पुलर' म्हणून तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं मिळवून देतो असं सांगून लोकांना लाखोंना बुडवलंय. 'तुमचं नाणं दहा लाखांना घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. माझ्या मामांचे पस्तीस हजार असेच गेले आणि त्या धक्क्याने ते वर्षभर घराबाहेर पडले नाहीत.

---

एडिसनकर

माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो. तो फोटो बघून वाटलं, हे नाणं न्यू जर्सीच्या कपाटात काय करणार? पण ताई, तुमच्या भावाची बाजूही समजून घ्या. इथे बसून आजोबांचं हातात धरण्यासारखं काहीच नसतं. चिठ्ठ्यांचे मोठे फोटो काढून चौकटीत घालून पाठवा, आजोबांचं अक्षर त्यात आहे.

अवांतर : नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ साली लंडनला लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती ४७.१५ लाखांना घेतली. एकदा बाहेर गेलेली वस्तू परत आणायला काय पडतं ते बघा.

---

शिवराई_वेडा

मी संग्राहक असूनही सांगतो, विकू नका. आणि दान करायचं तर घाई करू नका. काही ठिकाणी वस्तू गोणीत जाते आणि गोणी तळघरात. मी एका ठिकाणी (नाव घेत नाही) बारा नाणी दिली. चार वर्षांनी बघायला मागितली तर पावतीच सापडेना. देताना यादी, वजनं, फोटो, सही-शिक्का, सगळं घ्या.

नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली, तिथे नाण्यांचं संग्रहालयही आहे. आधी फोन करून चौकशी करा आणि जाणकारांना दाखवा.

---

जुनं_नवं

दान सगळीकडे वाया जात नाही. पुण्याचे दिनकर केळकर घ्या. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारा हा माणूस अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, पानाचे डबे जमवत राहिला. लोक तलवारी जमवायचे तेव्हा हे बायकांच्या हातातल्या वस्तूंमागे होते. लहानपणीच गेलेल्या 'राजा' या मुलाच्या नावाने संग्रहालय केलं आणि १९७५ साली वीस हजारांच्या आसपास वस्तू राज्याला देऊन टाकल्या. लहानपणी मी तिथला एक अडकित्ता बघून तासभर हललो नव्हतो. घरातल्या साध्या वस्तूवर इतकं कोरीव काम का करत असतील, हा विचार तेव्हापासून डोक्यात आहे.

---

दारणाकाठ

मंडळी, हात थरथरतायत, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

काल ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राखाली शाळेचा एक जुना हजेरीपट मिळाला. आत मुलांची नावं नाहीत. पानोपानी पेन्सिलीचे गोल आहेत. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की उमटतो तो छाप, दोन्ही बाजूंचा. खाली क्रमांक, मोडीत दोन ओळी आणि शेवटी वजन. गावच्या सोनाराच्या काट्यावर केलेलं असणार, कारण मासे आणि गुंजांत आहे. नोंदी ४१ च.

जळालेल्या चिठ्ठ्यांतलं सगळं यात असेल ना?

---

खापरवेडी

ताई!! ओरडलेच मी! हो, असेल!

छाप आणि वजन आहे म्हणजे कुठलं नाणं कुठल्या नोंदीचं ते परत जुळवता येईल. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरा, म्हणजे मासा साधारण ०.९७ ग्रॅम आणि गुंज ०.१२ च्या आसपास. सोनाराकडच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सगळी नाणी पुन्हा तोला. तांब्याची चिंचेमुळे किंचित हलकी भरतील, चांदीची बहुतेक तशीच.

वजनावरून आठवलं. आपल्या गोव्यातच जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती. तक्षशिलेच्या ठेव्यातली आहत (ठसे ठोकून केलेली प्राचीन) नाणी त्यांनी एकेक करून तोलली. नाणं हातोहात जितकं फिरतं तितकं झिजतं, तेव्हा सरासरी वजन किती उतरलं त्यावरून कुठला गट जुना आणि कुठला नवा ते त्यांनी मांडलं. पडताळा म्हणून आपल्या काळातली चलनी नाणीही हजारोंनी तोलली. तुमच्या आजोबांना हे माहीत असेल-नसेल, पण वजन लिहायचं ते चुकले नाहीत.

---

तेरचा_मास्तर

एका मास्तराचा दुसऱ्या मास्तराला दंडवत. हजेरीपटाचं प्रत्येक पान आधी स्कॅन करा. बाकी सगळं नंतर.

---

ब्राह्मीप्रेमी

डोंगरवाल्या नाण्याची नोंद सापडली का? मोडी मी वाचून देतो.

---

दारणाकाठ

सापडली. क्रमांक १७. छापात नाक आणि कमानी दोन्ही आल्या आहेत. वजन लिहिलंय 'मासे २ गुंजा २'. काल सराफाकडे तोललं, २.१८ ग्रॅम भरलं. मजकुराचा फोटो सोबत.

---

ब्राह्मीप्रेमी

दोन मासे दोन गुंजा म्हणजे २.१९ च्या आत-बाहेर. काट्यावर काटा!

मजकूर असा लागतो : 'रुपे. संगमाखालील वाळूंत, पूर गेल्यावर. चौथीतल्या मुलाने दिले. पाटी १ दिली.'

संगमाखालील वाळूत. १९०६ च्या ठेव्यातून निसटलेलं की नदीत स्वतंत्रपणे पडलेलं, ते यावरून सांगता येणार नाही. पण जागा मिळाली.

---

दारणाकाठ

वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पाट्या संपल्या की आजोबा आमच्या पाट्या नेऊन द्यायचे, त्यावरून आजीची बोलणी खायचे.

काल रात्री भावांशी बोलणं झालं. विकायचं नाही यावर तिघे एक झालो. अमेरिकेतल्या भावाला सहा चिठ्ठ्यांचे फोटो चौकटीत जाणार आहेत, @एडिसनकर यांचे आभार. सोमवारी वडिलांना घेऊन सरकारवाड्यात जाते, सोबत सगळ्या नोंदींच्या प्रती. नाणी आणि हजेरीपट एकत्रच राहतील, ही अट आम्ही लिहून देणार आहोत.

आतापर्यंत तेवीस नाणी जुळली. उरलेल्या अठरांच्या नोंदीत जागेच्या ठिकाणी फक्त 'गं. बु.' एवढंच आहे. कुणाला काही सुचतंय का? गावाचं नाव म्हणावं तर आसपास तसं गाव नाही.

---

वकीलीणबाई

अटीचं पत्र मला आधी दाखवा, फुकट तपासून देते.

---

पैठणची_सून

माझं माहेर नाशिकचं, म्हणून सांगते. गोदावरीला आम्ही घरात कधी गोदावरी म्हटलंच नाही, गंगाच म्हणायचं. आणि गंगेवरचा आठवड्याचा बाजार बुधवारचा. 'गं. बु.' म्हणजे गंगेवरचा बुधवार असेल का? बाजाराच्या कडेला झारेकरी बसायचे, नदीची वाळू चाळून मिळालेलं किडूकमिडूक फडक्यावर मांडून. माझे वडील मला तिथून भोकाचा पैसा घेऊन द्यायचे.

---

दारणाकाठ

ताई, आत्ता हजेरीपट पुन्हा उघडला. त्या अठराही नोंदींवर तारखा आहेत. दहा तारखा जुन्या पंचांगाशी ताडून पाहिल्या, दहाही बुधवार निघाले. उरलेल्या आठ वडील बघतायत.